उसना आकडा

१

माझं काम खाडे भरायचं. हे काम करून पोट भरणारे जगात फार थोडे असतील, आणि त्यातल्या निम्म्यांना आपण काय करतो ते बायकोलाही धड सांगता येत नसेल. मी तर तो नाद कधीच सोडला.

समजा, एका नव्या औषधाची चाचणी चालली आहे. पेशंट ठरलेल्या दिवशी हॉस्पिटलात येतात, नळीत जोरात फुंकर मारतात, आणि फुप्फुसांत किती दम उरलाय त्याचा आकडा आमच्या तक्त्यात येतो. अर्ध्यांना खरं औषध, अर्ध्यांना नुसत्याच गोळ्या. कुणाला काय मिळतंय ते चाचणी संपेपर्यंत कुणालाच सांगत नाहीत. नावं आम्हाला दिसत नाहीत, फक्त क्रमांक. आता माणसं ती माणसं. कुणी बाहेरगावी जातं, कुणी कंटाळतं, कुणाला जिना उतरवत नाही, कुणी मरतं आणि घरचे कळवायचं विसरतात. मग त्या भेटीची चौकट रिकामी राहते. तिला आम्ही ऑफिसात खाडा म्हणतो. खाडे तसेच सोडून हिशोब केला तर औषध आहे त्याहून गुणी दिसतं, कारण जे आले नाहीत ते बहुतेक येण्याच्या अवस्थेतच नसतात.

म्हणून खाडा भरायचा. कसा? त्या पेशंटसारखाच दुसरा शोधायचा. तेच वय, तशीच उंची, मागच्या भेटीपर्यंत तशीच फुंकर. त्याला जोडीदार म्हणायचं, आणि त्याचा आकडा उसना घेऊन रिकाम्या चौकटीत टाकायचा. असे दोन-चार जोडीदार सापडले तर कॉम्प्युटर त्यांच्यात चिठ्ठी टाकतो. आपण निवडायचं नाही, हा पहिला नियम. बाकी ज्याचा आकडा घेतला त्याचं काही जात नाही. शेजारून चमचाभर विरजण आणावं, तसंच ते. नव्या मंडळींना शिकवताना मी हे हमखास सांगायचो आणि ती हसायची.

२

आईची फुप्फुसं दगड होत चालली होती. डॉक्टरांनी तिला एका चाचणीत घातलं, आणि महिन्याभराने तीच चाचणी माझ्या टेबलावर येऊन पडली. तिचं चाचणीचं कार्ड मीच सांभाळायचो, त्यामुळे तिचा क्रमांक मला पाठ होता. घरातलं माणूस चाचणीत असेल तर मॅडमना सांगायचं असतं. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काम दुसऱ्याकडे गेलं असतं, आणि आईच्या आकड्याला दुसऱ्याने हात लावायचा ही कल्पनाच मला सहन झाली नाही.

आई मोठी फटकळ. माझं काम काय ते तिला एकदा समजावलं, तर म्हणाली, "म्हणजे लोकांच्या गैरहजेरीत तू त्यांच्या सह्या ठोकतोस! शाळेत असताना ह्याच धंद्यासाठी मार खाल्ला होतास की." एवढं बोलून तिला इतकी धाप लागली की वाटीभर पाणी प्यायला तिने पाव तास घेतला.

पुढे पुढे ती बोलेनाशी झाली. पलंगाच्या कडेला बसायची, दोन्ही तळवे गुडघ्यांवर रोवून, खांदे वर-खाली करत. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत पातळ आहे. तिच्या श्वासाची शीळ आम्हाला दिवसभर ऐकू यायची. जेवताना, भांडताना, टीव्ही लावला तरी त्याच्या खालून. बायको एकदा म्हणाली, "ती शीळ थांबली तर बरं, असं मनात येतं रे. आणि मग माझीच मला किळस येते." मलाही तेच वाटत होतं, फक्त किळस येत नव्हती.

पुढच्या भेटीला आईला दारापर्यंतसुद्धा नेता आलं नाही. आठवड्याने तक्ता उघडला तर तिच्या ओळीत खाडा. कॉम्प्युटरने तिच्यासारख्या काही जणी काढून दिल्या. एकीची फुंकर आईहून वाईट झाली होती, बाकीच्या होत्या तिथेच, आणि एकीची मात्र मस्त वर गेली होती. मी चिठ्ठी टाकली नाही. एवढ्या हजारो चौकटी, त्यात एकीने काय होतंय? त्या चांगल्या बाईचा आकडा उचलला आणि आईच्या चौकटीत टाकला. जरा बरं वाटलं. आजाऱ्याला खोटं का होईना, "आज चेहरा छान दिसतोय" म्हणावं, तेवढंच.

३

संध्याकाळी कुलपात किल्ली घातली आणि तसाच थांबलो. आत शीळ नव्हती.

काय वाटलं ते सांगतो. झालं, असं वाटलं. आणि मग सुटलो असं वाटलं. दार ढकललं तर आई ओट्यापाशी उभी राहून दूध तापवत होती. दोन पायांवर, सरळ, कशाला न धरता. खांदे स्थिर. मी तिच्या मागे अगदी जवळ जाऊन कान दिला, तेव्हा कुठे श्वास ऐकू आला. झोपलेल्या मुलाचा असतो तसा.

"आई!"

तिने वळून बघितलं, हसली, आणि गॅस बारीक केला.

बायकोचे डोळे भरून आले होते. "दुपारी अचानक उठल्या. चालत आल्या. मला तर काही सुचेचना. औषध लागू पडलं रे, खरं औषध मिळतंय आईंना!" डॉक्टरही फोनवर तेच म्हणाले, काही पेशंटना उशिरा गुण येतो. मी तोंडावर हो हो करत होतो. आपण काय टाकलं आणि केव्हा टाकलं, हे मनात येऊनही मी ते मनातच दाबलं. आकड्याने माणूस बरा व्हायला लागला तर हॉस्पिटलं कशाला हवीत? एकामागून एक दोन गोष्टी घडल्या म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं नसतं, हे लोकांना सांगायचाच तर मला पगार मिळतो.

त्या दिवशी आम्ही तिघं टेबलावर बसून जेवलो. आईने भाजीत मीठ नाही म्हणून आरडाओरडा केला नाही. भाजीत मीठ खरोखरच नव्हतं.

४

आधी बारीकसारीक गोष्टी दिसल्या. धुतलेले पेले ती उपडे घालू लागली. आमच्या घरात आयुष्यभर सुलटे असतात, आणि ते तिनेच लावलेलं वळण. पलंगाची दिशा बदलून मागितली. मोबाइल कपाटावर ठेवून दिला आणि त्याच्याकडे ढुंकून बघेना. बायकोच्या हातून काहीही घेतलं की म्हणायची, "फार त्रास देते हो मी तुम्हाला."

तुम्हाला! ज्या बाईने सुनेला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी "गधडे" म्हणून हाक मारली होती, ती.

"आधी उठता-बसता टोमणे," बायको मला म्हणाली, "आता आभार मानतात. खरं सांगू? मला ह्याच आवडायला लागल्यात." ती हे हसत म्हणाली, पण मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

मलाही आई अहो-जाहो करायला लागली. घरात मला एक हाक आहे. लहानपणापासूनची, जरा वाईटच, बाहेर कुणाला ठाऊक नाही; इथेही मी ती लिहिणार नाही. ती हाक बंद झाली. रोज संध्याकाळी आई दाराशी स्टूल टाकून बसायची, मांडीवर फडकं आणि तेलाची वाटी. मी आलो की माझ्या खांद्यावरून मागे जिन्याकडे बघायची.

"कुणाची वाट बघतेस?"

"मुलगा येईल माझा कामावरून. रंग लागलेला असतो नखांना. तेलाने पुसलं की निघतो." मग मला जागा करून द्यायची. "तुम्ही या ना. दमून आलात."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, इतके महिने मेंदूला प्राणवायू कमी पडला, थोडाफार परिणाम व्हायचाच. मला हे पटलं. पटवून घेतलं म्हणा. मेंदूला प्राणवायू कमी पडला की माणूस आपली माणसं विसरतो, हे मान्य. पण मग नसलेली माणसं त्याला कुठून आठवतात, हे मी विचारलं नाही.

५

पुढच्या भेटींचे आकडे आले तेव्हा मी सगळ्यात आधी ती उसनी ओळ उघडली. उगाच, सहज, असं स्वतःला सांगत. ती चांगली फुंकर मारणारी बाई एकदम कोसळली होती. तिचा नवा आकडा मी ओळखला. आईने शेवटची फुंकर मारली तेव्हा आलेला आकडा, दशांशापर्यंत तोच.

आकडा पुन्हा पुन्हा वाचला. मग अक्कल वापरली. एवढ्या गर्दीत दोन आकडे जुळायचेच. कुठल्याही तक्त्यात असे पन्नास दाखवतो. आणि खात्री करून घ्यायचा उपाय अगदी सोपा होता: उसना आकडा काढून बघायचा.

भर दुपार होती. पलीकडे कुणीतरी केक कापत होतं, टाळ्या चालल्या होत्या. मी आईची चौकट रिकामी केली. काही झालं नाही. मनात म्हटलं, शाबास गाढवा.

तेवढ्यात मोबाइल वाजला. आईचा नंबर.

आधी नुसती शीळ आली. तीच. नंतर माझी हाक. ती घरातली.

"अरे... कुठे होतास? मी कधीची... हाका मारतेय."

"आई? आई, हळू बोल."

"लोक चांगले आहेत रे... करतात माझं... पण ती आपली... नाहीत. खोलीला... खिडकी नाही. तू का... नाही आलास न्यायला?"

"येतो. मी येतो. तू बोलू नकोस."

"पेले कुणी... उपडे घातले मेल्याने..." आणि तिचा श्वास अडकला. आत जाईना, बाहेर येईना. मी आयुष्यात असा आवाज ऐकलेला नाही. आवाज नव्हताच तो, आवाजाची नुसती धडपड होती. मागून बायको किंचाळत होती, "ओठ काळे पडलेत! काहीतरी कर!"

मी काहीतरी केलं. तो उसना आकडा मला तोंडपाठ होता. तो चौकटीत टाकला.

फोनमध्ये शांत झालं. मग संथ, गोड आवाजात कुणीतरी म्हणालं, "हॅलो? कोण बोलतंय? माझ्या हातात हा फोन कुठून आला, काही कळत नाही बाई."

घुसमट थांबली, असं मी मनाला सांगितलं. ती थांबली नव्हती. कुठल्यातरी बिनखिडकीच्या खोलीत गेली होती, तिथलं मला ऐकू येत नव्हतं. पलीकडून कुणीतरी केकचा तुकडा आणून दिला. मी तो खाल्ला.

६

मॅडम स्वतः माझ्या टेबलापाशी आल्या. "आज तक्त्याला कुलूप लावायचं. एकदा लावलं की ब्रह्मदेव आला तरी एक चौकट हलणार नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"खाडे सगळे चिठ्ठीनेच भरलेत? हाताने निवडलेला एखादा असेल तर आत्ताच सांग. मी रागावणार नाही. काढून टाकू, संपलं." त्या खुर्ची ओढून बसल्या, चष्मा काढून डोळे चोळले. चांगली बाई. "चेहरा का असा तुझा? बरं नाही का?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. आई घरी आली असती. मला ओळखलं असतं, माझ्या बायकोला गधडी म्हटलं असतं, आणि आठ-पंधरा दिवसांत माझ्यासमोर, माझा हात धरून, गुदमरून मेली असती. नाही सांगितलं तरी ती मरणारच होती. पण तिथे. दुसऱ्यांच्या हातात, मला हाका मारत.

लोकांना वाटेल, मी तिचा जीव वाचवायचा विचार केला. छे. मला फक्त ते बघायचं नव्हतं. पातळ भिंतीपलीकडची ती शीळ मला पुन्हा घरात नको होती. बाकीची सगळी कारणं मी नंतर जमवली, आणि ती चांगली जमली आहेत. आमच्या घरी सुखाने बसलेल्या त्या बाईला कशाला हलवा, हेही त्यातलंच एक.

"सगळे चिठ्ठीनेच," मी म्हणालो.

"मग लावते कुलूप."

"लावा."

७

चाचणी संपल्यावर डॉक्टर सगळ्यांना एकदा तपासायला बोलावतात. मी घरातल्या आईला घेऊन गेलो. ती टुणटुणीत चालत होती, लिफ्ट नको म्हणाली. नर्सने तिला वजन करायला आत नेलं आणि मी बाकावर बसलो.

समोर चाकाची खुर्ची होती. तिच्यात एक बाई, अंगाने चांगली थोराड, पण सगळी आत ओढल्यासारखी. दोन्ही तळवे गुडघ्यांवर रोवलेले. मला ती शीळ आधी ऐकू आली, बाई नंतर दिसली. शेजारी माझ्याच वयाचा माणूस उभा होता. नखांत निळा रंग.

मी उठून जाणार होतो. पण तेवढ्यात त्याची नजर माझ्यावर पडली.

"आमच्या आईला गुण येत होता हो," तो आपणहून बोलायला लागला; वाट बघणाऱ्या लोकांना बोलायला कुणीही चालतं. "एकदम काय झालं देव जाणे. धाप लागली ती लागलीच. वर आम्हाला ओळखेना झाली. मी जवळ गेलो की म्हणते, तू कोण, मला घरी सोड. दिवसभर नुसती कुणालातरी हाका मारते."

"कुणाला?"

त्याने ती हाक सांगितली.

"आमच्यात असं कुणी नाही. तुम्ही ऐकलंय कधी असलं नाव?" तो हसला आणि मग त्याचा चेहरा पडला. "डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत. मी म्हटलं, ज्याला बोलावते तो सापडला असता तर पाय धरून आणला असता. निदान सुखाने तरी गेली असती."

खुर्चीतल्या बाईने मान वर केली. चेहरा अनोळखी, रुंद, हनुवटीवर तीळ. डोळे माझ्यावर येऊन थांबले आणि तिने हाक मारली. शीळ, हाक, शीळ.

"बघा, आता तुम्हाला!" रंगारी माझ्या कानाशी वाकला. "एक विनंती करू? रागावू नका. जरा ओ द्या ना. आम्ही दिली तर तिला खोटं कळतं. तुम्ही परके आहात, कदाचित चालून जाईल. तेवढंच तिला बरं वाटेल."

कॉरिडॉरमध्ये फिनेलचा वास होता. कुणाचा तरी क्रमांक पुकारला गेला.

"ओ," मी म्हणालो. "आलो, आई."

तिचे खांदे खाली आले. "आलास," ती म्हणाली. "उशीर... केलास मेल्या." तिने हात पुढे केला आणि मी तो धरला. दुसऱ्याच बाईचा हात, जाड बोटांचा. पण त्याने माझं मनगट चिमटीत धरून पिरगाळलं, रस्ता ओलांडताना आई धरायची तसंच. "चल... घरी जाऊ."

"वा वा!" रंगाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "फार उपकार झाले. रोज याल का हो? नाही, आपलं गमतीने म्हटलं."

तेव्हा वजनाच्या खोलीचं दार उघडलं आणि माझ्या घरातली बाई बाहेर आली. आईचा चेहरा, आईची चाल, गुलाबी गाल. ती माझ्याकडे आली नाही. सरळ रंगाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली, त्याच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "किती वाळलास रे."

तो संकोचून हसला. "राहू द्या हो मावशी. ओळखलं नाही मी तुम्हाला."

खुर्चीतली बाई त्या चेहऱ्याकडे बघत होती. कपाळापासून हनुवटीपर्यंत, आरशात बघावं तशी, पुन्हा पुन्हा. तिचे ओठ काळे पडायला लागले होते. माझ्या मनगटावरची पकड घट्ट झाली.

"ही... कोण रे?" तिने विचारलं.

तीन तोंडं माझ्याकडे वळली.

"ही माझी आई," मी म्हणालो.

मनगट सोडवून घेतलं. बोटं एकेक करून उचलावी लागली. मग घरातल्या बाईला दंडाला धरून मी जिन्याकडे ओढत नेलं. ती मागे वळून वळून बघत होती, तरी ओढलं. आता पाठीमागून हाक येणार म्हणून मी मान खाली घालून पायऱ्या उतरायला लागलो. हाक आली नाही. रंगाऱ्याचा आवाज तेवढा आला, कौतुकाचा, जरा चढाच: "बघा, गप्प झाली की एकदम!"